महाव्यवस्थापक नेमण्याआधी: वाढत्या कारखान्यातील अधिकारांची वाटणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्युत पॅनेलची पत्र्याची कपाटे बनवणारा तुमचा कारखाना रबाळे एमआयडीसीत बारा माणसांवर सुरू झाला. आज तेथे सत्तर माणसे आहेत आणि तळोज्यात घेतलेल्या दुसऱ्या गाळ्यात चाळीस. उलाढाल चाळीस कोटींच्या घरात गेली, तरी लहानसहान निर्णयसुद्धा तुमच्यापाशी येऊन थांबतात. खरेदी तुमचे मेहुणे पाहतात, हिशेब आणि पगार तुमच्या पत्नी पाहतात, आणि पहिल्या दिवसापासून सोबत असलेले फोरमन रबाळ्याचे उत्पादन सांभाळतात. एका मोठ्या कंपनीतून निवृत्त होत असलेल्या अनुभवी गृहस्थांना महाव्यवस्थापक (जीएम) म्हणून घ्यावे का, आणि घेतल्यास एकंदर रचना कशी असावी, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे आहे की त्यांना घ्यावे, पण आत्ता नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आणि वागळे इस्टेटमधील मालकांनीच उभ्या केलेल्या कारखान्यांबरोबर मी बरीच वर्षे काम करत आलो आहे. बाहेरून आणलेला जीएम वर्षाच्या आत परत गेल्याचे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्या घटनांचा क्रम आता मला पाठ झाला आहे. सुरुवातीला सर्वजण कौतुकाने त्यांच्याकडे जातात. मग एखाद्या दिवशी ते पावडर कोटिंगच्या ठेकेदाराचे बिल रिजेक्शनच्या कारणावरून अडवतात, ठेकेदार थेट मालकांना फोन लावतो, आणि मालक जुन्या संबंधांना जागून ‘एवढ्या वेळी जाऊ द्या’ असे सांगतात. त्या दिवशीची शिफ्ट सुटेपर्यंत खरा शब्द कोणाचा चालतो हे स्टोअरमधल्या पोऱ्यालाही कळलेले असते. पुढे जीएमकडे फक्त अहवाल येतात, निर्णय येत नाहीत, आणि इतका पगार आपण नेमका कशासाठी देतो, असा प्रश्न मालकांना पडू लागतो. यात माणूस निवडण्यात चूक झालेली असतेच असे नाही. त्या गृहस्थांच्या आधीच्या कंपनीत कोणाच्या सहीने काय होते हे कागदावर ठरलेले होते. तुमच्याकडे ते फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि तुमच्या डोक्यात काय आहे याचा अंदाज घेत जीएमने काम करावे, ही अपेक्षा रास्त नाही.

बारा माणसांवर जे सहज चालत होते ते आता का चालत नाही, हे आधी समजून घ्या, म्हणजे स्वतःवरचा आणि माणसांवरचा राग कमी होईल. बारा माणसांत दोघादोघांच्या जोड्या ६६ होतात, तर सत्तर माणसांत २,४१५. सगळ्या जोड्यांना एकमेकांशी काम पडत नाही हे खरे, पण निरोप चुकण्याच्या जागा माणसांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. व्ही. ए. ग्रायकुनास या सल्लागाराने १९३३ मध्ये वरिष्ठ आणि त्याच्या हाताखालच्या माणसांमधील संबंधांचे असेच गणित मांडले होते. त्याच्या सूत्राप्रमाणे हाताखाली पाचजण असतील तर वरिष्ठाला १०० प्रकारचे संबंध सांभाळावे लागतात आणि सहावा आला की २२२. हे आकडे शब्दशः घेण्यासारखे नाहीत, कारण ठरावीक साच्याचे काम करणारी वीस माणसेही एका सुपरवायझरला झेपतात. परंतु ज्यांची कामे एकमेकांत गुंतलेली आहेत अशा माणसांच्या बाबतीत त्यातला इशारा खरा ठरतो. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून मी मोजले, तर खरेदी, स्टोअर, डिझाइन, दोन्ही ठिकाणचे उत्पादन, क्वालिटी, डिस्पॅच, विक्री, हिशेब, देखभाल आणि मजूर ठेकेदार हे सर्व थेट तुम्हाला विचारून काम करतात. इतक्यांना पुरेल एवढा वेळ कोणाच्याही दिवसात नसतो, आणि त्या दिवसातला एक मोठा तुकडा दोन गाळ्यांमधल्या शिळफाट्याच्या वाहतुकीत जात असेल तर मुळीच नसतो.

म्हणून पहिले काम चौकटी आणि रेघांचा तक्ता काढण्याचे नाही. एक शंभर पानी वही घ्या आणि तीन आठवडे तुमच्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा. फोनवर आलेला, व्हॉट्सअॅपवर आलेला, मशीनपाशी उभ्या उभ्या विचारलेला, सगळा. चार रकाने पुरे आहेत: कोणी विचारले, काय विचारले, किती रुपयांचा मामला होता, आणि तुम्ही त्या दिवशी उपलब्ध नसता तर तो निर्णय कोणी घेतला असता. चौथा रकाना भरताना बहुतेक मालक अडखळतात, आणि खरी माहिती तेथेच मिळते. पवने एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही ही वही ठेवली तेव्हा पहिल्याच पानावर अशा नोंदी होत्या: ग्राइंडिंग व्हील संपले, नेहमीच्या दुकानातून मागवू का; एका वेल्डरला घरच्या कार्यासाठी उचल हवी आहे; ग्राहकाने ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली आहे, कापलेल्या पत्र्याचे काय करायचे; गाडी भरून उभी आहे, पण ग्राहकाची आधीची थकबाकी आली नाही, सोडू का. यातले पहिले दोन प्रश्न मालकांपर्यंत यायलाच नको होते. तिसरा डिझाइन आणि उत्पादन यांनी मिळून सोडवायचा होता, पण खर्च कोणाच्या नावावर पडणार हे ठरलेले नसल्याने दोघांनी तो वर ढकलला होता. मालकांच्या लक्षाला लायक होता तो फक्त चौथा, आणि तोसुद्धा उधारीची मर्यादा आधी ठरवली असती तर हिशेब विभागानेच निकाली काढला असता.

वही भरली की नोंदी तीन गठ्ठ्यांत लावा. ज्या निर्णयाची चूक आठवड्याभरात आणि थोड्या पैशांत दुरुस्त होते, तो ज्याच्या हातून काम होते त्याच्याकडे जाऊ द्या. ज्याची चूक महाग पडते पण निस्तरता येते, तो विभागप्रमुखाकडे, रकमेची मर्यादा घालून. आणि ज्याची चूक निस्तरता येत नाही किंवा जिच्यामुळे कंपनीचे नाव, जागा, कर्ज किंवा कोणाचा जीव पणाला लागतो, तो तुमच्याकडे राहील. तुमच्या आकाराच्या कारखान्यात मी साधारणपणे सुपरवायझरला एका वेळी पाच हजारांपर्यंत आणि प्लँटप्रमुखाला पन्नास हजारांपर्यंत खर्चाची मुभा सुचवतो, पण महिन्याची एकूण मर्यादाही सोबत घालतो, नाहीतर एकच खरेदी पाच चिठ्ठ्यांत विभागली जाते. विक्रीच्या बाबतीत मुभा रुपयांत न देता मार्जिनवर द्यावी: ठरावीक टक्क्यांच्या खाली दर जात असेल तरच प्रश्न तुमच्याकडे यावा.

मर्यादा देताना आणखी एक गोष्ट लेखी असावी, ती म्हणजे मर्यादेच्या आत घेतलेला निर्णय चुकला तर काय होईल. तुम्ही पाच हजारांची मुभा दिली आणि पहिल्याच चुकीवर सर्वांसमोर आवाज चढवला, तर पुढचा प्रश्न दोनशे रुपयांसाठीही तुमच्याकडेच येईल. त्याबद्दल माणसाला दोष देता येणार नाही.

पैसे चुकते करण्याचे निर्णय मात्र मी खरेदीकडेही ठेवणार नाही आणि तुमच्याकडेही नाही. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात जोडलेल्या तरतुदीमुळे, या मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा धरली जात नाही. तुमचे जॉबवर्क, म्हणजे तुमच्या मालावरचे काम बाहेर करून देणारे बहुतेकजण याच वर्गात मोडत असणार. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी झाल्यामुळे तर हे वर्तुळ आणखी मोठे झाले आहे, आणि तुम्ही स्वतःही उलाढालीच्या निकषावर त्यातच येता. कोणाचे पैसे आधी द्यायचे हे मालकांच्या मनावर किंवा मेहुण्यांच्या ओळखीवर राहिले, तर मार्चअखेरीस करसल्लागार जो आकडा दाखवतो तो पाहवत नाही. देय तारखांची यादी दर आठवड्याला हिशेब विभागातून निघावी, आणि तिच्यात बदल करायचा असेल तर कारण लिहून तुमची सही घ्यावी.

आता दोन ठिकाणांचा प्रश्न. तळोज्याचा गाळा वेगळा आहे म्हणून तेथे सगळे विभाग वेगळे उभारण्याचा मोह होतो. चाळीस माणसांसाठी ते परवडत नाही. उत्पादन, देखभाल, डिस्पॅच आणि माणसांची हजेरी-रजा या गोष्टी जागेवरच ठरल्या पाहिजेत, म्हणून तळोज्याला स्वतःचा प्रमुख हवा, आणि तो तुमचा फोन न लागतासुद्धा दिवस पार पाडू शकेल असा हवा. खरेदीचे दर-करार, हिशेब, डिझाइन आणि भरती हे दोन्ही ठिकाणांसाठी एकत्र, रबाळ्यातून चालावे. क्वालिटीचा माणूस मात्र दोन्हीकडे असूनही तेथील प्रमुखाच्या हाताखाली नसावा. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत काय होते ते तुम्हाला माहीत आहे. बिलाचा आकडा गाठायचा असतो, गाडी लागलेली असते, दरवाजाच्या गॅस्केटमध्ये फट दिसते, आणि ज्याला उत्पादनाचा आकडा द्यायचा आहे तोच क्वालिटीवाल्याची रजा मंजूर करणारा असतो. अशा वेळी ‘चालेल’ हा शेरा पडतो. क्वालिटीप्रमुख थेट तुमच्या हाताखाली ठेवा, आणि त्यांनी अडवलेला माल सोडण्याचा अधिकार फक्त तुमचा ठेवा. तो किती वेळा वापरला याची नोंदही ठेवा.

शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे नेमत, जेणेकरून एकट्याच्या मर्जीने गड कोणाच्या हाती जाऊ नये. तुमच्या खरेदीला हेच लागू करायला हवे. ऑर्डर काढणारा, माल मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करणारा आणि बिल मंजूर करणारा ही तीन माणसे वेगळी असावीत. आज ऑर्डर मेहुणे काढतात, स्टोअरकीपर त्यांनीच आणलेला आहे आणि बिलावर त्यांचीच खूण पाहून पैसे जातात. मी त्यांच्यावर शंका घेत नाही. उलट ही वाटणी त्यांच्याच हिताची आहे, कारण उद्या पत्र्याच्या दरावरून कोणी कुजबुज केली तर तिला उत्तर देणारा कागद त्यांच्या हातात असेल. हे त्यांना सांगताना नवा नियम म्हणून कार्यालयात जाहीर करण्याआधी घरी बसून सांगा, आणि तुमच्या पत्नी त्या वेळी सोबत असू द्या, कारण त्यांच्या भावाबद्दलचा निर्णय त्यांना कार्यालयात कळणे बरे नाही.

घरच्या माणसांच्या बाबतीत तीन गोष्टींची गल्लत होते: मालकी, नाते आणि नोकरी. मेहुण्यांचा कंपनीत हिस्सा असेल तर त्याचा मोबदला लाभांशातून मिळावा. खरेदीप्रमुख म्हणून पगार बाजारात त्या कामाला जो मिळतो तोच असावा. नात्याचा मान घरच्या पंगतीत ठेवावा. तुमच्या पत्नींबद्दल तुम्ही फारसे लिहिले नाही, तरी एक गोष्ट विचारतो. सुपरवायझरने नाकारलेली उचल घ्यायला कामगार दुपारी ‘वहिनीं’च्या केबिनबाहेर उभे राहतात का? बहुतेक घरगुती कारखान्यांत राहतात, आणि वहिनी दयाळूपणाने देतातही. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण सुपरवायझरचा शब्द तेवढ्यापुरता मोडतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच कामगार त्याच सुपरवायझरचे ओव्हरटाइमबद्दलही ऐकत नाही. उचलीचा नियम करा: वर्षातून किती वेळा, पगाराच्या किती पट, किती हप्त्यांत फेड. अपवाद करायचा तर तो सुपरवायझरच्याच तोंडून कळवा. दयाळूपणा तसाच राहतो आणि सुपरवायझरचा मानही राहतो.

फोरमनचा विषय मला सर्वांत नाजूक वाटतो. तुम्ही त्यांना दोन्ही ठिकाणांचे उत्पादनप्रमुख करण्याच्या विचारात आहात, कारण ते जुने आहेत, इमानी आहेत आणि बेंडिंगच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण प्रमुखाचे काम वेगळे असते. पुढच्या आठवड्याचा पत्रा आज मागवणे, दोन सुपरवायझरांतील भांडण मिटवणे, ग्राहकाला तारीख देणे आणि ती चुकणार असेल तर आधी कळवणे, संगणकावर आकडे पाहून कुठे गळती आहे ते ओळखणे, हे सगळे त्यात येते. उत्तम कारागिराला यातले बरेचसे जिवावर येते, आणि मग तो दिवसभर मशीनवर जाऊन स्वतःच काम करू लागतो, कारण तेथे त्याला आपली किंमत कळते. त्यामुळे उत्तम कारागीर हातचा जातो आणि त्या जागी अवघडलेला अधिकारी उरतो. बढतीची वाट एकच ठेवली की असे होते. दुसरी वाट काढा. त्यांना मुख्य तंत्रज्ञ हे पद द्या, पगार प्लँटप्रमुखाच्या बरोबरीचा ठेवा, नव्या ड्रॉइंगवर त्यांची सही झाल्याशिवाय पत्रा कापायचा नाही असा अधिकार द्या, आणि दोन्ही ठिकाणच्या नव्या मुलांचे प्रशिक्षण त्यांच्याकडे सोपवा. पगार बरोबरीचा नसेल तर हे पद म्हणजे बाजूला सारणे आहे, हे ते पहिल्या दिवशी ओळखतील. आणि निर्णय घेण्याआधी त्यांना विचारा. कदाचित त्यांनाच प्रमुख व्हायचे असेल. मग सहा महिने एकट्या तळोज्याची जबाबदारी देऊन पाहता येईल, पण त्यांची आजची जागा तोवर राखून ठेवून.

कायद्याचा भाग मी थोडक्यात सांगतो. कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कारखान्याला अंतिम जबाबदार व्यक्ती, हा संचालकांपैकीच एक असतो, त्यामुळे यंत्रांवरील संरक्षक जाळ्या, विद्युतसुरक्षा, आगीची व्यवस्था यांची जबाबदारी कोणालाही जीएम केले तरी तुमच्यावरून पूर्णपणे उतरत नाही. म्हणून सुरक्षेच्या कारणासाठी मशीन बंद करण्याचा अधिकार थेट ऑपरेटरपर्यंत खाली द्या, आणि ती पुन्हा सुरू करण्याचा वर ठेवा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची आहे. तुमच्याकडे ती नसेल तर ती दोन्ही ठिकाणी नेमावी लागेल.

हे सर्व कागदावर आले तरी मोडण्याचा सर्वांत मोठा धोका तुमच्याकडूनच आहे. मालक रोज सकाळी शॉपफ्लोअरवर फेरी मारतात, आणि ती मारावीच. पण फेरीत कामगाराने काही विचारले तर उत्तर देऊ नका. ‘सुपरवायझर काय म्हणाले?’ एवढेच विचारा. सुपरवायझरला विचारलेच नसेल तर त्याच्याकडे पाठवा. विचारले असेल आणि उत्तर चुकीचे वाटत असेल, तर सुपरवायझरशी केबिनमध्ये बोला आणि बदललेला निर्णय त्यालाच जाऊन सांगू द्या. अपवाद फक्त धोक्याचा. ऐकायला हे सोपे वाटते, पण ज्याने स्वतःच्या हाताने पहिले कपाट वेल्ड केले आहे त्याला समोर चुकीचा जोड दिसत असताना गप्प राहणे फार अवघड जाते. व्हॉट्सअॅपच्या गटाचेही तसेच. ‘सर, काय करू?’ या प्रश्नाला तुम्ही रात्री अकरा वाजता दोन मिनिटांत उत्तर देता, म्हणून तो प्रश्न येतो. त्या गटातून तुम्ही बाहेर पडा आणि दोन्ही प्लँटप्रमुखांना दिवसातून एक ठरलेली वेळ द्या.

बैठका फार वाढवू नका. शिफ्टच्या सुरुवातीला उभ्याने दहा मिनिटे, ज्यात तुम्ही नसाल. आठवड्यातून एकदा विभागप्रमुखांची, ज्यात उशिराच्या ऑर्डर, रिजेक्शन आणि येणी एवढेच. आणि महिन्याचे आकडे बंद झाल्यावर एक.

क्रम मी असा ठेवेन. आधी वही आणि अधिकारांचे पत्रक. त्यानंतर पहिली नेमणूक जीएमची न करता पूर्णवेळ हिशेबप्रमुखाची, कारण दोन ठिकाणचे खरे आकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हाती येत नसतील तर अधिकार खाली देणे म्हणजे डोळे मिटून देणे आहे. तुमच्या पत्नींना त्या कामातून मोकळे होऊन भरती व कर्मचाऱ्यांचा विभाग घ्यावासा वाटतो का, हेही त्यांना विचारा. मग तळोज्याचा प्रमुख. या दोघांचे बस्तान बसल्यावर जीएमचा विचार करावा. तोवर तुमच्या थेट हाताखाली सहा-सातजण उरलेले असतील आणि जीएमला नेमके काय द्यायचे हे तुम्हाला सांगता येईल.

हाती आलेल्या गृहस्थांना मात्र गमावू नका. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या जुन्या रासायनिक आणि अभियांत्रिकी कंपन्यांच्या जागी आयटी पार्क आणि डेटा सेंटर आले, पण त्या कंपन्यांत घडलेली बरीच जाणती माणसे वाशी, नेरूळ आणि ठाण्यात राहतात, आणि निवृत्तीनंतर त्यांना आठवड्यातले दोन-तीन दिवसच काम हवे असते. या गृहस्थांना सहा महिन्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून घ्या आणि अधिकारपत्रक तयार करण्याचे काम त्यांनाच फोरमन आणि मेहुणे यांच्यासोबत बसून करायला सांगा. तिघे एका टेबलाशी कसे बसतात यावरूनच तुम्हाला पुष्कळ कळेल. मुलाखतीत मोठ्या प्रकल्पांबद्दल विचारू नका. आधीच्या नोकरीत त्यांच्या सहीने किती रकमेपर्यंत खरेदी होत असे, आणि मर्यादेबाहेरची निकड रविवारी उद्भवली तेव्हा त्यांनी काय केले, हे विचारा.

सहा महिन्यांनी नेमणूक करायची ठरली तर अधिकारपत्रक नेमणूकपत्राला जोडा, दोन्ही ठिकाणी सर्वांसमोर वाचून दाखवा, आणि मोठे पुरवठादार व ठेकेदार यांना कंपनीच्या पत्राने कळवा की अमुक रकमेपर्यंतची बिले आणि तक्रारी यापुढे त्यांच्याकडे जातील. तुमच्या पावडर कोटिंगवाल्याला हे पत्र मिळाल्यावर तो तुम्हाला फोन करील. तो फोन घ्या, विचारपूस करा, आणि बिलासाठी जीएमचा नंबर द्या.